लोणारच्या काठी

यवतमाळ जिल्ह्यात पडलेल्या पावसाच्या थेंबाला वाट शोधावी लागत नाही. अडाण, अरुणावती, पूस या नद्या त्याला पैनगंगेकडे नेतात. बेंबळा त्याला वर्धेच्या स्वाधीन करते. पैनगंगा पुढे वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळते, त्या दोघींची मिळून झालेली प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात विलीन होते. वाटेत तो थेंब शेतात मुरेल, विहिरीत उतरेल, धरणात काही काळ विसावेल. परंतु उतार लाभला की तो पुन्हा चालू लागतो.

याच यवतमाळहून पुसद, वाशिम, रिसोड या मार्गाने पश्चिमेकडे निघालेला प्रवासी, दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून, अशा एका स्थळी येऊन पोहोचतो की जेथे पडलेल्या थेंबाला बाहेर पडण्यास मुळी वाटच नाही. ते स्थळ म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार. येथील सरोवरात पाणी चोहो बाजूंनी येते. त्यातून एकही नदी किंवा ओढा बाहेर पडत नाही. या एका गोष्टीने लोणारच्या पाण्याला त्याची चव दिली, त्याचा रंग दिला, आणि त्याचे सारे भवितव्यही तिच्यावरच अवलंबून आहे.

लोणारला जाताना मार्गात या अद्भुताची कसलीही पूर्वसूचना मिळत नाही. दोन्ही बाजूंस कपाशीची, तुरीची व सोयाबीनची शेते पसरलेली असतात. गावाजवळ जमीन किंचित उंचावते, इतकेच. त्या उंचवट्यावर चढून पुढे पाहावे, तो पायांखालची भूमी एकाएकी संपते आणि समोर एक प्रचंड वाटोळे विवर उघडते. या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून काठापासून पाण्यापर्यंतची खोली सुमारे १३७ मीटर आहे. चाळीस मजल्यांची इमारत त्यात उभी केली, तर तिचे शिखर जेमतेम काठाशी येईल. उतारावर साग, कडुनिंब, चिंच, पळस यांची दाट झाडी आहे. आणि तळाशी, वाटीत ओतलेल्या रंगासारखे, हिरवे पाणी स्तब्ध पसरलेले आहे.

विवराच्या काठाजवळ राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे व गावातही उतरण्याची सोय होते. सरोवराचा परिसर वन्यजीव अभयारण्य असल्यामुळे मुक्काम काठावरच करावा लागतो. विवरात उतरावयाचे ते दिवसाउजेडी. ज्याला धावपळीची करमणूक हवी असेल, त्याने येथे न आलेलेच बरे. येथे नौका नाहीत, पाण्यात पोहण्याची हौस भागत नाही, संध्याकाळी दिव्यांचा झगमगाट नसतो. परंतु प्रवासाने शिणलेला मनुष्य काठावरील एखाद्या दगडावर टेकला, की घटकाभरात त्याला एका वेगळ्या विश्रांतीचा अनुभव येतो. खाली मोरांची केका उठते व विवराच्या भिंतींवर आदळून पुन्हा ऐकू येते. सूर्य पश्चिमेच्या काठाआड गेला, की सावली हळूहळू पाण्यावरून सरकत पूर्वेच्या उतारावर चढू लागते. वर माळावर ऊन असताना विवराच्या तळाशी मात्र संध्याकाळ झालेली असते.

सकाळी पायवाटेने खाली उतरणाऱ्या प्रवाशाला वानरांचे कळप हमखास भेटतात. तळाकडे जाऊ लागताच हवेत एक उग्र दर्प जाणवू लागतो. सडक्या अंड्याची आठवण करून देणारा. पाण्यातील शेवाळ व इतर सेंद्रिय द्रव्ये कुजून त्यांतून निघणाऱ्या वायूचा तो वास होय. नवखा मनुष्य नाकाला रुमाल लावतो. थोड्या वेळाने तो रुमाल खिशात जातो, कारण समोरच्या दृश्याने वासाचा विसर पडतो. काठावरच्या चिखलातून लांब गुलाबी पायांचे शेकाटे टिपत हिंडत असतात. हिवाळ्यात चक्रवाकांच्या जोड्या उतरतात, आणि एखाद्या भाग्यवान वर्षी रोहित पक्ष्यांचेही दर्शन घडते.

या पाण्यात बोटे बुडवून ती एकमेकांवर चोळली असता साबण लावल्यासारखी बुळबुळीत लागतात. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद त्या पाण्याने ओला केला, तर पिवळा कागद लालसर होतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे प्रत्येक घरी ठाऊक आहे. लोणारच्या पाण्याचा गुण चुन्याच्याच जातीचा आहे. त्याला अल्कधर्मी म्हणतात. पदार्थ आम्ल आहे की अल्क, हे मोजण्याच्या अंकाला सामू असे नाव आहे. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. समुद्राच्या पाण्याचा ८ च्या थोडा वर. लोणारच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास आढळतो. ७ आणि १० यांतील अंतर दिसण्यास अल्प आहे. परंतु या मापात एकेक पायरी दसपटीची असल्यामुळे ते अंतर प्रत्यक्षात हजारपटीचे ठरते. म्हणूनच लोणारला नुसते खारे सरोवर म्हटल्याने त्याची ओळख पुरी होत नाही. समुद्र खारट आहे. लोणार खारट आहेच, आणि शिवाय क्षारट आहे.

हे खारेपण आले कोठून? लोकांनी त्याचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. लवणासुर नावाचा एक दैत्य येथे भूमीखालच्या गुहेत राहून लोकांना छळीत असे. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, पायाच्या अंगठ्याने त्या गुहेचे झाकण उडवून दिले आणि दैत्याचा वध केला. त्याच्या रक्ताचे झाले पाणी, आणि मांसाचे झाले मीठ. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर या कथेचे स्मारक आहे. काळ्या दगडातील या मंदिराच्या भिंतींवरील कोरीव काम पाहण्यात सहज एक प्रहर निघून जातो. कथा रचणाऱ्यांनी दोन गोष्टी मात्र अचूक हेरल्या होत्या: हा खड्डा सावकाश झिजून झालेला नव्हे, तर एका क्षणी झालेला आहे; आणि पाण्यातील मीठ त्या खड्ड्याशी निगडित आहे.

विज्ञानाला येथवर पोहोचण्यास बराच काळ लागला. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने हे सरोवर पाहून त्याची नोंद केली. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे वाद चालला. दख्खनचे पठार हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहून आलेल्या लाव्हारसाचे बनलेले आहे. त्या रसाच्या थंड झालेल्या काळ्या खडकाला बसाल्ट म्हणतात. यवतमाळच्या टेकड्यांत बहुतेक ठिकाणी हाच खडक दिसतो. ज्वालामुखीच्या खडकात वाटोळे विवर आढळले, तेव्हा ते ज्वालामुखीचेच मुख असले पाहिजे, असे बहुतेकांना वाटले. आणि ते वाटणे अगदीच वेडगळपणाचे नव्हते.

या वादाचा निकाल काचेने लावला. १९७० नंतरच्या वर्षांत भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळाशी छिद्रे पाडून खोलवरचे खडक बाहेर काढले. त्यांतील काही स्फटिक न वितळताच काचेसारखे होऊन गेलेले आढळले. असे रूपांतर होण्यास लागणारा दाब ज्वालामुखीच्या अंगी नसतो. अतिशय वेगाने येऊन आदळणाऱ्या उल्केच्या आघातातच तो निर्माण होतो. परिसरात काचेचे बारीक मणीही सापडले. आघाताने वितळलेला खडक थेंबाथेंबांनी उडाला आणि हवेतच थिजून गेला, त्याचे ते मणी. मूळ उल्का मात्र हाती लागली नाही. एवढ्या प्रचंड आघातात उल्केचा बहुतेक भाग स्वतःच्या उष्णतेने वाफ होऊन जातो. ही घटना केव्हा घडली, याविषयी अद्यापि एकमत नाही. एका पद्धतीने मोजले असता सुमारे ५० हजार वर्षे येतात, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. बसाल्ट खडकात उल्केने पाडलेली विवरे पृथ्वीवर फारच थोडी आहेत, आणि लोणारइतके सुस्थितीत राहिलेले तर विरळाच. चंद्रावरील काळसर मैदानेही बसाल्टचीच असल्यामुळे, चंद्राचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारचे दगड मोठ्या आस्थेने तपासतात.

उल्केने खड्डा पाडला. मीठ मात्र तिने आणले नाही. ते आणले पावसाने. पावसाचे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते व त्यामुळे अगदी सौम्य असे आम्ल बनते. ते खडकांवरून झिरपताना त्यांतील सोडियम, कॅल्शियम इत्यादी द्रव्यांचा अल्पसा अंश विरघळवून घेते. प्रत्येक नदीच्या पाण्यात हा अंश असतो. पैनगंगेच्या पाण्यातही तो आहे. परंतु तो इतका थोडा असतो की जिभेला कळत नाही, आणि नदी तो पुढे वाहून नेते. लोणारचा थेंब हा अंश घेऊन तळ्यात उतरतो आणि तेथेच अडकतो. त्याला सुटकेचा एकच मार्ग मोकळा असतो: उन्हाने वाफ होऊन वर जाणे. वाफ होते ती पाण्याची. क्षार खालीच राहतात. पुढल्या वर्षी नवा पाऊस पुन्हा चिमूटभर क्षार आणतो व पुन्हा तो तेथे ठेवून उडून जातो. असे हजारो वर्षे चालले. त्यातही एक निवड होत गेली. कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने तळाशी बसत गेले आणि सोडियमचे क्षार पाण्यात उरले. धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा आणि मीठ ही तिन्ही सोडियमची अपत्ये आहेत, आणि लोणारच्या पाण्यात ती तिन्ही एकत्र नांदतात.

हे क्षार एके काळी मोठ्या व्यापाराची वस्तू होते. 'ऐन-ए-अकबरी' या अकबरकालीन ग्रंथात, काच व साबण यांसाठी लागणारी द्रव्ये या भागात मिळतात, अशी नोंद आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर क्षारांचा थर उघडा पडे, आणि माणसे तो गोळा करीत. त्यांच्या जाणत्या डोळ्यांना सगळा क्षार एकसारखा दिसत नसे. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्याची निरनिराळी नावे होती. काचेच्या बांगड्या, साबण, कापडाचा रंग पक्का करणे, पापड फुलवणे अशा कामी ते येत. कारखान्यांतून स्वस्त सोडा निघू लागल्यावर हा धंदा मंदावला आणि शेवटी बंद पडला. आता ती नावे जुन्या ग्रंथांतच उरली आहेत.

खाऱ्या पाण्याच्या इतक्या सान्निध्यात गोडे पाणी असावे, हे लोणारचे दुसरे आश्चर्य. विवराच्या वरच्या कडेला एका गोमुखातून गोड्या पाण्याची धार अखंड पडत असते. तिला गावकरी 'धार' असेच म्हणतात. विवराच्या उतारावर आणखीही झरे आहेत. खाली कमळजादेवीच्या मंदिराजवळ 'सासू-सुनेची विहीर' आहे. तिच्या एका बाजूचे पाणी गोडे व दुसऱ्या बाजूचे खारे, असे सांगतात. सासूची बाजू कोणती आणि सुनेची कोणती, याविषयी मात्र सांगणाऱ्यांत एकवाक्यता आढळत नाही. झऱ्यांचे गोडे पाणी डोंगरातून जमिनीवर येते, तोवर ते पैनगंगेच्या पाण्यासारखेच असते. पुढची दोनअडीचशे पावले त्याच्या नशिबी काय आहे, एवढाच काय तो फरक.

सरोवराच्या पाण्यात गोड्या पाण्यातील नेहमीच्या जीवांचा निभाव लागत नाही. परंतु ते निर्जीव मुळीच नाही. त्याला हिरवा रंग येतो तो असंख्य सूक्ष्म नीलहरित शेवाळांमुळे. ज्या क्षारट पाण्याने इतरांचा घात व्हावा, त्यातच त्यांचे पोषण होते. याशिवाय डोळ्यांना न दिसणारे दुसरेही रहिवासी आहेत, आणि त्यांनी २०२० साली साऱ्या देशाला आपली ओळख करून दिली. त्या वर्षीच्या जून महिन्यात, टाळेबंदीमुळे काठावर फारसे कोणी नसताना, हिरवे सरोवर गुलाबी झाले. कोणी शुभ म्हटले, कोणी अशुभ म्हटले. पाण्याचे नमुने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले. पाणी आटून त्याचा खारेपणा वाढला, तेव्हा अतिखाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची संख्या एकदम फोफावली आणि त्यांच्या अंगच्या गुलाबी द्रव्याने पाणी रंगले, असे दिसून आले. पाण्याचा नमुना काही काळ हलवल्याविना ठेवला की तो रंग तळाशी बसे आणि वरचे पाणी नितळ दिसे. पावसाळा लागला, पाणी वाढले, आणि गुलाबी रंग ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत लोणारचा समावेश झाला.

गुलाबी रंगाने कोणाचे वाईट केले नाही. परंतु या सरोवराचा तोल किती नाजूक आहे, हे त्याने दाखवून दिले. येणारे पाणी आणि वाफ होऊन जाणारे पाणी यांचा जमाखर्च जुळत असतो, तोवर सरोवर आपल्या स्वभावात राहते. जमा कमी झाली की पाणी दाट खारे होते. जमा अधिक झाली की ते पातळ होते. अशाच एका जमाखर्चाचा घोटाळा पृथ्वीच्या दुसऱ्या भागात आज प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. इस्राएल व जॉर्डन यांच्या सीमेवरील मृत समुद्र हेही बाहेर वाट नसलेलेच सरोवर आहे. त्याच्या पाण्यात वजनाने सुमारे एक तृतीयांश क्षार आहेत. त्यात माणूस बुडत नाही. उताणे पडून खुशाल वर्तमानपत्र वाचता येते. त्याच्या काठी विश्रांतीस जाण्याची प्रथा फार जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी हेरोद राजाही आपल्या शेवटच्या आजारात त्याच्या पूर्व काठावरील उष्ण झऱ्यांवर उपचारासाठी गेला होता. आज तेथे मोठमोठी विश्रामगृहे आहेत. परंतु मृत समुद्राला गोडे पाणी आणणाऱ्या जॉर्डन नदीचे बहुतेक पाणी शेतीसाठी व नगरांसाठी मध्येच वळवण्यात आले. शिवाय क्षार काढण्यासाठी सरोवराचेही पाणी उपसले जाते. त्यामुळे पाण्याची पातळी दरवर्षी सुमारे एक मीटर खाली जात आहे. पाण्याला लागून बांधलेल्या एका स्नानगृहापासून काठ दोन किलोमीटरच्या आसपास दूर सरकला, आणि मग स्नानाला जाणाऱ्यांना वाहनातून पाण्यापर्यंत न्यावे लागू लागले.

लोणारला भय आहे ते दोन्हीकडून. उतारावर वेडी बाभूळ माजली आहे. तिची मुळे भूमीतील पाणी शोषतात व मूळच्या झाडांची जागा बळकावतात. तिला काढण्याचे काम वेळोवेळी होत आले आहे. उलट, गावाचे सांडपाणी आणि आजूबाजूच्या शेतांतून खतांचा अंश घेऊन येणारे पाणी विवरात उतरले, तर सरोवराचा क्षार पातळ होतो आणि निराळेच शेवाळ वाढू लागते. अलीकडच्या काही वर्षांत तर पाण्याची पातळी वाढल्याने काठावरील जुन्या मंदिरांची चिंता उत्पन्न झाली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे या सरोवराच्या रक्षणाचा प्रश्न अनेक वर्षे येत राहिला आहे. बाहेरून आलेला प्रवासी या जमाखर्चापासून अलिप्त नसतो. मुक्कामात तो जेवढे पाणी वापरतो तेवढे कोठून तरी उपसले जाते, आणि वापरलेले पाणी कोठेतरी सोडावे लागते. ज्या गावाच्या कुशीत तळ नसून विवर आहे, तेथे सांडपाणी कोणत्या दिशेस वळवावे, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

परतीच्या दिवशी बहुतेक प्रवासी पहाटेच धारेवर जातात. वाशिम-पुसदकडे जाणारी वाहने सुटण्यास अवकाश असतो. गोमुखाखाली बायका, मुले, वृद्ध हातपाय धूत असतात. कोणी तांब्यात पाणी भरून घेतो. ते पाणी थंड आणि गोड असते. दगडी कुंडातून ओसंडून ते पायऱ्यांखाली उतरते, झाडीत शिरते, आणि थोड्याच वेळात खालच्या हिरव्या पाण्यात मिसळून जाते.